कावीळ आणि पित्तनलिकेचे विकार : कोणती तपासणी, केव्हा आणि कशासाठी
जनहितार्थ माहितीपत्रक : लखनौच्या आलमबाग परिसरातील मराठी कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी

आपल्या बोलण्यात 'पित्त' हा शब्द अनेक अर्थांनी येतो. छातीत जळजळले की 'पित्त झाले', अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठले', डोके दुखून उलटी झाली की 'पित्त पडले' असे आपण म्हणतो. यांपैकी बहुतेक तक्रारींचा यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी थेट संबंध नसतो. परंतु या सवयीमुळे खऱ्या पित्तमार्गाचा आजारही घरात 'नेहमीचे पित्त' म्हणून दुर्लक्षित राहतो. उजव्या बरगडीखाली वारंवार दुखते, अंगाला खाज सुटते, डोळे पिवळसर दिसू लागतात, आणि तरीही आवळा, सरबत किंवा आम्लपित्ताची गोळी यांवर दिवस निघून जातात.

हे दिवस मोलाचे असतात. पित्तमार्ग कशामुळे अडला आहे हे वेळेत कळले, तर बहुतेक आजारांवर उपचार करता येतात. त्यासाठी आज अनेक तपासण्या उपलब्ध आहेत. त्यांतील काहींमध्ये नलिकेच्या आत कॅमेरा नेऊन प्रत्यक्ष पाहता येते. कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे कुटुंबाला समजावे, हा या पत्रकाचा उद्देश आहे.

पित्ताचा मार्ग

यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. तो बारीक नलिकांमधून एकत्र येत मुख्य पित्तनलिकेत उतरतो. वाटेत पित्ताशय नावाची लहान पिशवी लागते. तिच्यात पित्तरसाचा काही भाग साठतो व घट्ट होतो. आपण जेवलो की पिशवी आकुंचन पावते आणि पित्तरस मुख्य नलिकेतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात येऊन स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करतो. स्वादुपिंडाची नलिकाही बहुधा त्याच मुखाशी येऊन मिळते. ही शेवटची बाब लक्षात ठेवावी, कारण पुढे सांगितलेल्या एका महत्त्वाच्या धोक्याचे मूळ तीच आहे.

मुख्य पित्तनलिकेची रुंदी साधारणपणे सहा मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्या अरुंद वाटेत पित्ताशयातून घसरलेला खडा अडकू शकतो. सूज किंवा जुनी इजा यांमुळे नलिका आकसू शकते. पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत क्वचित नलिकेला इजा होते. काही रुग्णांत नलिकेची, पित्ताशयाची किंवा स्वादुपिंडाची गाठ वाट बंद करते. पोटातील जंत नलिकेत शिरल्याची उदाहरणेही आपल्या देशात आढळतात.

वाट अडली की पित्तातील पिवळे रंगद्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, रक्तात साचते. त्यामुळे डोळे व त्वचा पिवळी होते. ते मूत्रावाटे बाहेर पडू लागल्याने लघवी गडद, चहाच्या रंगाची होते. आतड्यात पित्त न पोहोचल्याने शौचाचा रंग फिकट, मातकट होतो. पित्तातील क्षार रक्तात वाढल्याने खाज सुटते.

प्रत्येक कावीळ सारखी नसते

दूषित पाण्यामुळे होणारी विषाणूजन्य कावीळ आपल्या परिचयाची आहे. हिपॅटायटिस 'ए' व 'ई' हे तिचे नेहमीचे प्रकार होत. त्यांत यकृताला सूज येते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. गर्भवती स्त्रियांना मात्र 'ई' प्रकारापासून मोठा धोका असतो.

अडथळ्याची कावीळ याहून वेगळी असते. येथे यकृताच्या पुढची वाट बंद झालेली असते, आणि ती मोकळी केल्याशिवाय आजार सहसा हटत नाही.

काविळीवर गळ्यात किंवा डोक्यावर माळ घालणे, झाडफूक करणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झाल्याचे दाखविणे, हे प्रकार महाराष्ट्रातही आहेत आणि उत्तर प्रदेशातही. शेजारच्या घरी 'गुण आला' असे आपण ऐकतो. त्या रुग्णाची कावीळ बहुधा विषाणूजन्य असते आणि ती माळेविनाही बरी झाली असती. तीच माळ अडथळ्याच्या काविळीत घातली, तर माळ लांबत जाते आणि आत आजारही वाढत जातो. कोणाची कावीळ कोणत्या प्रकारची आहे, हे डोळ्यांच्या रंगावरून ठरत नाही. दोन्ही प्रकारांत लघवी पिवळी होते. म्हणून कावीळ दिसताच रक्ततपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी.

लखनौ व परिसरात राहणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. उत्तर भारतात पित्ताशयातील खड्यांचे प्रमाण दक्षिण भारतापेक्षा अधिक आहे. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाणही देशाच्या इतर अनेक भागांपेक्षा जास्त आढळते, आणि स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक आहे. खडे असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना कर्करोग होत नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र घरातील स्त्रीने पोटदुखी अंगावर काढू नये, आणि कुटुंबानेही तिला ती काढू देऊ नये.

पुढील लक्षणांत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे

• काविळीबरोबर थंडी वाजून ताप येणे
• उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना
• काविळीच्या रुग्णास गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, हातपाय गार पडणे
• सतत उलट्या होणे

कावीळ, ताप व वेदना एकत्र आल्यास अडलेल्या नलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. हा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

वेदना नसलेली, हळूहळू वाढणारी कावीळही साधी समजू नये. भूक मंदावणे व वजन घटणे यांसह ती आली असेल, तर गाठीची शक्यता तातडीने तपासावी लागते. 'दुखत नाही, म्हणजे काही नाही' हा समज येथे घातक ठरतो.

तपासण्यांचा क्रम

पहिली पायरी : रक्ततपासणी व पोटाची सोनोग्राफी. रक्तातील बिलिरुबिन व अल्कलाइन फॉस्फटेज यांवरून अडथळ्याचा अंदाज येतो. सोनोग्राफीत पित्ताशयातील खडे चांगले दिसतात आणि नलिका फुगली आहे का हेही कळते. परंतु नलिकेचा खालचा भाग आतड्यातील वायूमुळे झाकला जातो, त्यामुळे तेथील खडा निसटू शकतो. म्हणून लक्षणे कायम असताना 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' एवढ्यावर थांबू नये.

दुसरी पायरी : एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. एमआरसीपी ही एमआरआय यंत्रावरील तपासणी आहे. तिच्यात क्ष-किरण नसतात व शरीरात नळी घालावी लागत नाही. नलिकांचा पूर्ण नकाशा तिच्यातून मिळतो. पेसमेकर किंवा शरीरात बसविलेला धातूचा भाग असल्यास आधी सांगावे. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये दुर्बिणीच्या टोकाशी सोनोग्राफीचे सूक्ष्म यंत्र असते. ते तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत नेऊन नलिकेच्या अगदी शेजारून पाहिले जाते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे एमआरसीपीत कधी कधी दिसत नाहीत, ते येथे सापडू शकतात. स्वादुपिंडाच्या गाठीतून सुईने नमुनाही घेता येतो. गाठीचा संशय असल्यास डॉक्टर सीटी स्कॅनही सांगतात.

तिसरी पायरी : ईआरसीपी. येथे बाजूने पाहणारी दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, पित्तनलिकेच्या मुखातून बारीक नळी आत सरकवतात, रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर नलिका पाहतात. तिचे पहिले वर्णन १९६८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९७४ मध्ये जर्मनी व जपानमधील डॉक्टरांनी याच मार्गाने नलिकेचे मुख विद्युत्प्रवाहाने रुंद करून खडे काढता येतात हे दाखवून दिले. तेव्हापासून अनेक रुग्णांचे पोट उघडण्याची गरज उरली नाही.

पूर्वी ईआरसीपी निदानासाठीही केली जाई. आज केवळ पाहण्यासाठी एमआरसीपी व एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड आहेत. म्हणून ईआरसीपी ही मुख्यतः उपचारासाठी करावयाची प्रक्रिया मानली जाते. खडा काढणे, आकसलेली वाट रुंद करणे, स्टेंट म्हणजे आधारनळी बसविणे किंवा पेशींचा नमुना घेणे ही तिची कामे होत. जंतुसंसर्ग झालेला असेल, किंवा सोनोग्राफीतच नलिकेत खडा दिसला असेल, तर डॉक्टर मधली पायरी वगळून थेट ईआरसीपी सुचवू शकतात. ते योग्यच असते.

नलिकेच्या आतील कॅमेरा

ईआरसीपीत आपल्याला नलिकेची सावली दिसते. सावलीत वाट कोठे अरुंद झाली ते कळते. ती सुजेमुळे अरुंद झाली की कर्करोगामुळे, हे कळतेच असे नाही. अशा जागी बारीक ब्रश फिरवून पेशी तपासतात. मात्र कर्करोग असूनही ब्रशच्या नमुन्यात तो सापडण्याचे प्रमाण सुमारे निम्मेच असते. म्हणजेच ब्रशचा अहवाल 'निर्दोष' आला, तरी शंका पूर्णपणे मिटत नाही.

येथे कोलॅन्जिओस्कोपी उपयोगी पडते. मोठ्या दुर्बिणीच्या आतून सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीची दुसरी दुर्बीण थेट पित्तनलिकेत नेली जाते. २०१५ च्या सुमारास या दुर्बिणींमध्ये डिजिटल कॅमेरे आले आणि चित्र पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट झाले. डॉक्टर नलिकेची आतील बाजू पडद्यावर पाहतात आणि संशयास्पद जागेवर नेमका चिमटा लावून तुकडा घेतात. मोठा, घट्ट अडकलेला खडा असल्यास त्याच मार्गाने लेझर किंवा विद्युत्लहरींनी तो फोडता येतो.

काही यंत्रांत प्रतिमा अधिक स्पष्ट करण्याची सोय असते. साध्या पांढऱ्या प्रकाशाऐवजी निवडक निळा व हिरवा प्रकाश वापरला जातो. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे रक्तवाहिन्या गडद व ठळक दिसतात. कर्करोगाच्या जागी त्या बहुधा फुगलेल्या, वेड्यावाकड्या असतात, आणि त्यावरून नमुना कोठून घ्यावा हे ठरविता येते. एका वेगळ्या पद्धतीत लेझर किरणांच्या साहाय्याने पेशींची रचना सूक्ष्मदर्शकासारखी त्याच वेळी पाहता येते.

परंतु चित्र कितीही स्पष्ट असले, तरी तो अंतिम निकाल नव्हे. निळ्या-हिरव्या प्रकाशात पित्तरस लालसर, रक्तासारखा दिसतो. जुना स्टेंट किंवा सूज यांमुळेही नलिकेचा पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून प्रतिमा, तुकड्याचा अहवाल, रक्ततपासणी व स्कॅन यांचा एकत्र विचार करून निदान केले जाते. तुकड्यात कर्करोग आढळला नाही आणि तरीही डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सुचविली, तर ती टाळू नये.

कोलॅन्जिओस्कोपी प्रत्येक काविळीत लागत नाही. नलिका का आकसली हे इतर तपासण्यांतून कळत नसेल, किंवा खडा नेहमीच्या पद्धतीने निघत नसेल, तेव्हा ती उपयोगी ठरते. ती मोजक्या मोठ्या केंद्रांतच होते व खर्चिक असते. साध्या खड्यासाठी तिचा आग्रह धरू नये. मात्र कारण न कळता वारंवार स्टेंट बदलले जात असतील, तर तिच्याविषयी अवश्य विचारावे.

धोके : आधी समजून घ्या, मग संमती द्या

पित्ताची व स्वादुपिंडाची नलिका एकाच मुखाशी येत असल्यामुळे ईआरसीपीनंतर शंभरांपैकी साधारण ३ ते १० रुग्णांना स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची सूज काही दिवसांत ओसरते, परंतु क्वचित ती गंभीर होते. ती टाळण्यासाठी गुदद्वारावाटे वेदनाशामक औषध देण्याची पद्धत आहे. मुख रुंद केल्यास शंभरांपैकी सुमारे १ ते २ रुग्णांत रक्तस्राव होतो. आतड्याला छिद्र पडणे त्याहून विरळ आहे. कोलॅन्जिओस्कोपीत नलिकेत पाणी सोडावे लागते, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून प्रतिजैविके दिली जातात.

हे धोके वाचून आवश्यक प्रक्रिया नाकारू नये. बंद नलिकेतील संसर्गाचा धोका याहून कितीतरी मोठा असतो.

तपासणीपूर्वी

• सहा ते आठ तास अन्न घेऊ नये. पाण्याविषयी रुग्णालयाची सूचना पाळावी.
• रक्त पातळ करणारी औषधे व मधुमेहाची औषधे यांची माहिती आधी द्यावी. ती स्वतःहून बंद करू नयेत.
• रक्त गोठण्याची तपासणी करून घ्यावी. आतड्यात पित्त न पोहोचल्याने 'के' जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठण्यास वेळ लागतो. गरजेनुसार त्याचे इंजेक्शन दिले जाते.
• गर्भधारणा, दमा, औषधांची ॲलर्जी व पूर्वीची शस्त्रक्रिया यांची नोंद द्यावी.
• गुंगीचे औषध दिले जात असल्याने सोबत जबाबदार व्यक्ती असावी. त्या दिवशी वाहन चालवू नये.

तपासणीनंतर आणि स्टेंटविषयी

वाढती पोटदुखी, ताप, उलट्या, काळे शौच किंवा पुन्हा कावीळ यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित रुग्णालयात यावे.

प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत तो गाळाने बंद होऊ शकतो, म्हणून ठरलेल्या वेळी काढावा किंवा बदलावा लागतो. कावीळ उतरते, खाज थांबते, भूक लागते आणि रुग्ण स्टेंट विसरून जातो. पुढे तो गंभीर जंतुसंसर्ग घेऊनच परततो. नोकरीसाठी परगावी राहणाऱ्या, मध्येच गावी जाणाऱ्या कुटुंबांत ही चूक सहज घडते. स्टेंट बसविल्याचा व काढण्याचा दिनांक घरच्या दिनदर्शिकेवर लिहावा आणि दोघांना तरी माहीत असावा. गावी जाताना अहवालाची प्रत सोबत ठेवावी. स्टेंट जवळच्या मोठ्या रुग्णालयातही काढता येतो.

नलिकेतील खडा काढला, तरी पित्ताशयातील खडे तसेच राहतात व पुन्हा घसरू शकतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास ती लांबणीवर टाकू नये.

आलमबागमधून कोठे जावे

प्रथम जवळच्या दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयात रक्ततपासणी व सोनोग्राफी करावी. पुढील तपासणीसाठी रायबरेली रोडवरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था व चौक भागातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ या लखनौतील मोठ्या सरकारी संस्था आहेत. संदर्भचिठ्ठी, सर्व अहवाल व स्कॅनची मूळ फिल्म सोबत न्यावी. रेल्वे कर्मचाऱ्यांनी रेल्वेच्या रुग्णालयातून संदर्भचिठ्ठी घ्यावी.

नोंदणी खिडकीवर किंवा डॉक्टरांपुढे नुसते 'पित्त' म्हणू नये. कावीळ म्हणजे हिंदीत 'पीलिया', पित्ताशय म्हणजे 'पित्त की थैली', पित्तनलिका म्हणजे 'पित्त की नली' आणि खडा म्हणजे 'पथरी'. लघवी व शौचाचा रंग आणि खाज यांविषयी स्पष्ट सांगावे.

आयुष्मान भारत योजनेतील पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता या योजनेत घेतले जाते. कार्ड महाराष्ट्रात काढलेले असले, तरी लखनौतील योजनेत समाविष्ट रुग्णालयात ते दाखवावे. आपली प्रक्रिया योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आयुष्मान कक्षात किंवा १४५५५ या क्रमांकावर आधी विचारावे.

डॉक्टरांना विचारण्याचे पाच प्रश्न

१. माझी कावीळ अडथळ्याची आहे का? अडथळा कोठे आहे?
२. ही तपासणी निदानासाठी आहे की उपचारासाठी?
३. याआधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने उत्तर मिळू शकेल का?
४. तुकडा घेणार असाल, तर अहवाल केव्हा व कोणाकडून मिळेल?
५. स्टेंट बसवला, तर तो कोणत्या तारखेला काढायचा?

हे प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत आणि हे पत्रक अहवालांसोबत ठेवावे. हे पत्रक सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.